घर नंबर एकशे बारा, व कुटुंब

कर्जत, ९ जानेवारी १९४६

नवी वही, नवी दौत. हेडमास्तराने रोजनिशी ठेवावी असे मला फार दिवस वाटत होते, पण लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. आज घडले. आमचे कुटुंब मुंबईच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभे राहणार आहे.

कुटुंब म्हणजे आमच्या घरातून. म्हणजे बायको. नाव लिहीत नाही. लग्नाला बावीस वर्षे झाली. मी 'अगं' म्हणतो, ती 'अवो' म्हणते, काम भागते. बायकोने नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य घटते आणि नवऱ्याने बायकोचे घेतले तर लोक हसतात, असे आमची आई म्हणायची. आयुष्याचे एक वेळ चालेल, पण लोक हसलेले मला खपत नाही.

झाले असे की सकाळी आप्पासाहेब आले. आप्पासाहेब म्हणजे तालुक्यात पक्षाचे सर्वेसर्वा. त्यांच्याकडे तिकिटासाठी दोघे भांडत आहेत आणि दोघांच्या मागे अर्धा अर्धा तालुका. आप्पासाहेब म्हणाले, "मास्तर, बाई उभी केली की दोघांची तोंडं बंद. तुमच्या घरातल्यांनी बेचाळीस साली पत्रकं वाटली, लोकांना ठाऊक हाय. मुंबईला जाऊन बसायचं, एवढंच. बोलायचं काय ते आमी इथून सांगू."

बेचाळीस साली आमच्याच पिठाच्या डब्यात पत्रके होती हे मला चव्वेचाळीस साली कळले. असो. मी ताबडतोब होकार दिला. तेवढ्यात कुटुंब पदर खोचून बाहेर आले आणि म्हणाले, "मला कुनी इचारलं का?"

आप्पासाहेब हसले. "आता इचारतो, वहिनी."

"मग ऱ्हाते उभी. पन बोलायचं काय ते माझं मी ठरवीन."

यावर आप्पासाहेब पुन्हा हसले, मीही हसलो. कुटुंबाला कधी कधी विनोद छान जमतो.

२ फेब्रुवारी

नगरला जाऊन अर्ज भरला. कारकुनाने विचारले, "नवऱ्याचं नाव?" कुटुंब गप्प. त्याने तीनदा विचारले. शेवटी म्हणाले, "मालकांचं नाव शाळंच्या पाटीवर हाय, जाऊन वाचा." मग मीच पुढे होऊन माझे नाव सांगितले. कुटुंब कितीही पुढारले तरी रीत सोडत नाही, याचा मला अभिमान वाटला. परतताना सर्व्हिस मोटारीत त्याच विचाराने छान झोप लागली.



१७ मार्च

प्रचार जोरात. सगळा भार गनीभाईंवर. गनीभाई मणेर माझे लहानपणापासूनचे दोस्त. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन चाळीस गावे हिंडतात. ज्या घरात पुढाऱ्याला ओसरीवरून परत फिरावे लागते तिथे गनीभाई आत चुलीपर्यंत जातात. बाईचा हात हातात घेऊन बांगडी चढवतात आणि म्हणतात, "आवंदा आपली बाई उभी हाय बरं का, मालकाच्या कानावर घाला."

गनीभाईंना स्वतःला मात्र कुटुंबाला मत देता येत नाही. मुसलमानांची यादी निराळी, उमेदवार निराळा. मी म्हणालो, मग तुम्ही एवढे का हिंडता? तर म्हणाले, "मत तिकडं हाय मास्तर, पन तोंड तर माझं माझ्याकडं हाय ना."

मी सभांसाठी भाषणे लिहून देतो. कुटुंब ती फार जपून ठेवते. परवा डब्याच्या तळाशी, भाकरीखाली, नीट घडी करून ठेवलेली मला दिसली.

२९ मार्च

निवडून आलो. म्हणजे कुटुंब आले. तालुक्यातून कायदेमंडळात जाणारी पहिली बाई. मिरवणुकीत एवढी गर्दी झाली की पहिला हार माझ्याच गळ्यात पडला. काढून देणार होतो, पण तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली.

मुंबई, २४ मे

काल कुटुंबाचे पहिले भाषण झाले. मी चौदा पानी मजकूर दिला होता, सुरुवातीला संस्कृत श्लोक, शेवटी इंग्रजी राज्याचा समारोप. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो होतो. कुटुंब उठले, कागद मांडीवरच ठेवले आणि एवढेच बोलले: "आमच्याकडं बाई पान्याला दोन कोस जाती आन दोन कोस येती. घरात बसून तांब्या मागनाऱ्याला ते चार कोस ठाऊक नसत्यात. आदी हिरी खनून द्या, मग बाकीचे कायदे करा."

खाली बसल्यावर सगळे बाक वाजवू लागले. आज दोन वर्तमानपत्रांत छापून आले. माझ्या नवव्या पानाचा हा सारांशच म्हणता येईल. तांब्या मागणारा कोण, ते मात्र माझ्या मजकुरात नव्हते. ती कोपरखळी कोणाला होती, कळले नाही. रात्री पाणी मागितले तर कुटुंबाने नळाकडे बोट दाखवले.

कर्जत, १५ ऑगस्ट १९४७

स्वातंत्र्य मिळाले. कचेरीसमोर झेंडा कुटुंबाच्या हस्ते. दोरीची गाठ बांधण्याचे काम मी कोणाला दिले नाही, स्वतः बांधली, चांगली घट्ट, वाऱ्याने सुटू नये म्हणून. कुटुंबाने दोरी ओढली; झेंडा वर गेला आणि गुंडाळलेलाच राहिला. तीनदा हिसका दिला. सगळा गाव वर बघतोय, मला घाम फुटला.

कुटुंब वळून म्हणाले, "दीडशे वर्सं बांधून पडला हुता. जरा दम खाऊ द्या त्याला." लोक हसले. गनीभाईंच्या हाजराबी पुढे झाल्या, खांबावर चढणाऱ्या शिपायाला त्यांनी नख कसे घालायचे ते सांगितले, आणि झेंडा सुटला. टाळ्या फार झाल्या. गाठ बांधताना माझी भावना चांगली होती, हे कोणी विचारात घेतले नाही.

११ फेब्रुवारी १९४८

आमच्या घरावर आप्पासाहेबांची गैरमर्जी झाली आहे. गावात रेशनला जोंधळा नाही, लोक परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरी खाताहेत. कुटुंबाने कायदेमंडळात उठून विचारले की आमच्या तालुक्यात ज्यांची जमिनीखालची पेवे जोंधळ्याने भरली आहेत त्यांच्याकडून सरकार लेव्हीचे धान्य का वसूल करत नाही. कोणाचे पेव ते सांगितले नाही. पण तालुक्यात एवढी मोठी पेवे एकाच घरच्या अंगणात आहेत, आणि पुढल्या आठवड्यात नेमके तिथेच अधिकारी आले. तीन पेवे उघडली. वासाने म्हणे दोन माणसे चक्कर येऊन पडली.

मी कुटुंबाला म्हणालो, ज्याने तिकीट दिले त्याच्याच पेवात हात? कुटुंब म्हणाले, "जोंधळा आप्पासायबाच्या पेवात, आन भूक कुनाच्या पोटात?" मी विषय बदलला.

१९ नोव्हेंबर

कुटुंबाचे नाव फार वर चढले आहे. मुंबईत बोलवा आहे की नव्या वर्षी त्यांना पार्लमेंटरी सेक्रेटरी करणार. गनीभाई त्याला 'पार्लमेंटी शिकत्तर' म्हणतात आणि प्रत्येक गावात मला अभिनंदन घ्यायला लावतात.

त्याला कारण नवे काम. आता एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत, बाईमाणसालासुद्धा. त्याच्या याद्या व्हायच्या आहेत. अडचण अशी की बायका नाव सांगत नाहीत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आय' म्हणून मोकळ्या. आणि सरकारचा हुकूम की नाव नसेल तर नोंद बाद. कुटुंब गावोगाव हिंडून एकच सांगते, "बायांनो, मीठ मागताना लाजत न्हाई, मग नाव सांगताना का लाजता? ज्या दिवशी नाव लिवाल त्या दिवशी मत तुमचं."

म्हणतात की नगर जिल्ह्यात बायका जेवढ्या नावाने लागल्या तेवढ्या आसपास कुठे लागल्या नाहीत. सगळ्या मुंबईत ही गोष्ट गाजते आहे.

६ डिसेंबर

कर्जत गावाची यादी करायला माझी नेमणूक. अक्षर पाहूनच केली असणार. यादी करणाऱ्यांची सभा झाली, तिथे कुटुंबाचेच भाषण होते: नावाशिवाय एकही बाई लिहू नका. मी पहिल्या रांगेत बसून सगळे टिपून घेतले. 'नावाशिवाय' हा शब्द अधोरेखित केला, पट्टीने.

१३ डिसेंबर

वेशीजवळ भाजी विकणारी बनुबाई. नाव विचारले तर म्हणते, "आदी तुमच्या बायकूचं सांगा, मास्तर, मग माझं सांगते."

मी म्हणालो, "ते तुला काय करायचंय?"

"आमदारीनबाई म्हनली नाव सांगायला लाजायचं न्हाई. मग तुमी का लाजता?"

मी म्हणालो सरकारी कामात प्रश्न मी विचारायचे असतात. तिने हसून नाव सांगितले, आणि वर मेलेल्या नवऱ्याचेही, खणखणीत. म्हणाली, "आता त्याचं आयुष्य काय घटायचंय."

गरीब वस्तीत हे काम सोपे. बड्या घरी अवघड. आप्पासाहेबांच्या ओसरीवर तासभर बसलो, आत बायकांची नावे विचारायची सोय नाही, आप्पासाहेब स्वतः सांगेनात. घरंदाज माणसाला असल्या बाबतीत पेचात धरू नये. नेहमीच्या रीतीने लिहून घेतले.

२० डिसेंबर

यादी पूर्ण. अडीच हजारांवर नावे, एकही खाडाखोड नाही, एकही डाग नाही. मामलेदारांनी पाने उलटून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, हे छापायलाच नको." आमचे घर शेवटी केले. तिथे काही विचारायचे नव्हते, दोन ओळींत आटोपले. घर नंबर एकशे बारा: भिमाजी राघोजी धांडे, वय पंचेचाळीस, शिक्षक, व कुटुंब, वय एकोणचाळीस.

कुटुंब पुण्याहून आले आणि म्हणाले, "झाली का यादी? आपलं घर नीट लिवलं का?" मी म्हणालो, सगळ्यांत सुंदर.

३ एप्रिल १९४९

आजचा दिवस पुन्हा नको.

बाजाराचा दिवस होता, पटांगणात पक्षाची सभा. व्यासपीठावर कुटुंब, आप्पासाहेब आणि नगरहून आलेले दोन पुढारी. पुढच्या महिन्यात सेक्रेटरीपद जाहीर होणार, त्याचीच ही सलामी, असे मला वाटले. मी कोट घातला होता. आप्पासाहेब बोलायला उठले, खिशातून चावडीवर लागलेल्या कच्च्या यादीची नक्कल काढली आणि म्हणाले, "आपल्या आमदारीनबाई गावोगाव सांगत हिंडतात, बायांनो नाव सांगा. लई चांगलं. आता बाईंचंच नाव बघू या." आणि वाचले, "घर नंबर एकशे बारा. भिमाजी राघोजी धांडे, शिक्षक. व कुटुंब. शेरा: नाव नसल्यामुळे नोंद बाद."

आधी कोणाला कळलेच नाही. मग मागून कोणीतरी हसले, मग सगळे. कडब्याच्या गाड्यांवर बसलेले गाडीवान, माळवेवाल्या, नगरचे दोघे पुढारी, माझ्या शाळेतले माझ्याच हाताखालचे दोन शिक्षक. असे हसू मी जन्मात ऐकले नव्हते.

कुटुंबाने माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. ते अशा नजरेने पाहत होते, की जणू बावीस, आता पंचवीस वर्षे घरात कोण राहत होते ते पहिल्यांदाच दिसावे.

मग उठून म्हणाले, "आप्पासायेब, तीच यादी हाय तर तुमचं घर नंबर एक बी वाचा."

आप्पासाहेबांनी सवयीने वाचायला घेतले: "मातोश्री. कुटुंब. थोरल्या सूनबाई. धाकट्या सूनबाई. सर्व नोंदी..." आणि थांबले. पुन्हा हशा झाला. पण पहिले हसू नगरच्या पुढाऱ्यांबरोबर जिल्ह्याला गेले, दुसरे कर्जतच्या बाजारातच राहिले.

अडीच हजार नावांत चुका निघाल्या त्या फक्त घरंदाज घरांत, आणि सगळ्या माझ्या.

१२ एप्रिल

नगरच्या साप्ताहिकात 'बिननावाची आमदारीण' असा मथळा. मुंबईहून पत्र आले, पार्लमेंटरी सेक्रेटरी दुसरेच कोणी होणार. कुटुंब माझ्याशी बोलत नाही. ताटात भाकरी येते, शब्द येत नाही. जे सांगायचे ते म्हशीला सांगते आणि मी ऐकायचे.

आज धार काढताना म्हशीला म्हणाले, "तीस जूनपातूर नाव यादीत न्हाई लागलं, तर मत बी गेलं आन पुढं उभं ऱ्हायचं बी गेलं. मी काय कचेरीत जायची न्हाई. ज्यानं गाळलं त्यानं लिवावं."

मी दौतीत शाई भरून ठेवली.

५ मे

मामलेदारांना अर्ज दिला, एक पान, फार वळणदार: 'यादी करताना माझ्या कुटुंबाचे नाव अनवधानाने राहिले, तरी ते कृपया घालावे.' आज तो परत आला. खाली मामलेदारांनी तांबड्या शाईने लिहिले आहे, 'कोणते नाव?'

सबंध अर्जात नाव लिहायचेच राहिले होते. मी चारदा वाचून दिला होता.

गनीभाईंना दाखवला. ते हसले नाहीत, हेच जास्त लागले. म्हणाले, "मास्तर, मी रोज दोनशे बायांचा हात धरतो, तवा बांगडी चढती. तुमाला एका बायकूचं नाव धरवंना?"

मी म्हणालो, तुम्ही तरी हाजराबींना नावाने हाक मारता का? ते म्हणाले, "न्हाई. पन माझ्यापायी तिची शिकत्तरी न्हाई गेली."

१४ जून

मामलेदारांना भेटलो. नाव लिहूनच आणले होते, पाकिटात, पाकिटाला खळ लावून. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या लेखी कामाचा आम्ही अनुभव घेतला. तीस तारखेला चावडीवर हरकतींचं जाहीर वाचन आहे. चूक ज्याची त्याने सगळ्यांसमोर उभं राहून तोंडी सांगायचं, आणि बाईंनी कबूल करायचं. मग लिहू."

सगळ्यांसमोर. म्हणजे बनुबाईसमोर, आप्पासाहेबांसमोर, शाळेसमोर. पाकीट परत घेऊन आलो.

२७ जून

घरात एकटा असताना मागच्या खोलीत उभा राहून म्हणून पाहिले. पहिल्यांदा पहिल्या अक्षरावरच अडलो. दुसऱ्यांदा निघाले, पण एवढे हळू की मलाच ऐकू आले नाही. तिसऱ्यांदा म्हशीने मान वर करून पाहिले.

मला भीती कशाची वाटते आहे? लोक एप्रिलमध्ये पोट भरून हसले आहेत. त्याहून जास्त काय हसतील? हे मनाला सांगतो, मनाला पटते, आणि पाय कचेरीच्या वाटेला लागला की पटलेले सगळे जाते. कुटुंब या वर्षात माझ्यापायी बरेच खाली आले. आता मत द्यायचा हक्कही माझ्या लाजेपायी जाणार असेल, तर मी कसला शिक्षक.

३० जून

पुढचे सगळे जसे घडले तसे लिहितो.

चावडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका निम्म्याहून जास्त. बनुबाई टोपली उपडी घालून पहिल्या रांगेत. गनीभाई आणि हाजराबी खांबाशी. आप्पासाहेब खुर्चीवर, पाय हलवत. कुटुंब मागे उभे, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर काही नाही.

मामलेदारांनी पुकारले, "घर नंबर एकशे बारा." मी पुढे झालो.

"गाळलेलं नाव?"

मी म्हणालो, "आमच्या... घरातून."

मागे खसखस पिकली. मामलेदार म्हणाले, "मास्तर, ते एकदा झालं." आप्पासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सायेब, पुढचं घर घ्या." आणि मामलेदारांनी खरेच पान उलटायला हात घातला.

तेवढ्यात बनुबाई ओरडली, "नाव घ्या, मास्तर. लगनात घेत्यात तसं घ्या."

सगळ्या बायकांनी ते उचलले. नाव घ्या, नाव घ्या. आता उखाणा बायकोने घ्यायचा असतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. लग्नात फार आग्रह झाला तर नवरदेव घेतो, आणि माझ्या लग्नात मी तेव्हाही पळून गेलो होतो. पण पान उलटत होते. माझ्या तोंडून निघाले ते असे:

"शाई भरली दौतीत, यादी केली लांब,
मालनचं नाव सांगतो, मामलेदारा, थांब."

यमकासाठी मी मामलेदारांना एकेरी बोललो. हे मला नंतर कळले, त्यांना तेव्हाच कळले. पण ते थांबले. आणि लोक हसले, एप्रिलपेक्षाही जोरात, पोट धरून. मी वाट पाहत राहिलो की आता मला मेल्याहून मेल्यासारखे होईल. झाले नाही. मग म्हणालो, या वेळी यमक न करता, "मालन. मालनबाई. वय एकोणचाळीस. कायदेमंडळाच्या सभासद. चूक माझी."

मामलेदारांनी पुसले, "बाई, बरोबर आहे?"

ती पुढे आली. म्हणाली, "बरुबर हाय."

"नवऱ्याचं नाव सांगा."

सगळ्यांना वाटले, आता हीही उखाणा घेणार. बायका सरसावून बसल्या. ती माझ्याकडे बघत, शाळेत हजेरी सांगावी तसे सरळ म्हणाली, "भिमाजी."

बनुबाईने तोंडाला पदर लावला.

"भिमाजी राघोजी धांडे," ती म्हणाली. "लिवा."

मामलेदारांनी टाक माझ्याच हातात दिला. "तुमच्याच अक्षरात होऊ द्या." मी 'व कुटुंब' वर रेघ ओढली आणि शेजारी तिचे नाव लिहिले. 'न'वर शाई सांडली. सबंध यादीतली ती एकच खाडाखोड आणि एकच डाग. डोळ्यांत पाणी आले होते, ते पुसताना कोटालाही शाई लागली.

मला वाटले, संपले. पण गर्दीतून एक जाड काठाचे लुगडे पुढे आले. आप्पासाहेबांच्या घरातून. कोणी त्यांना कधी चावडीवर पाहिले नव्हते. त्या मामलेदारांना म्हणाल्या, "घर नंबर एक. मी भीमाबाई. दोन सुना बी आल्यात, त्यांचं बी लिवा." आप्पासाहेबांचा पाय हलायचा थांबला.

आज चावडीवर आणखी एकसष्ट नावे लागली. मी सगळी लिहिली. काही डाग पडले.

९ ऑगस्ट

मुंबईहून पक्षाचे पत्र. पुढच्या निवडणुकीत आमच्या तालुक्याचे तिकीट आप्पासाहेबांच्या पुतण्याला. मालन भाकऱ्या थापत होती, मी दारात उभा राहून वाचून दाखवले. मला वाचतानाच वाईट वाटत होते, कारण हे सगळे दोन शब्दांमुळे झाले आणि ते दोन शब्द माझ्या सुरेख अक्षरातले.

ती तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "पेवात हात घातला त्याच दिशी तिकीट गेलं हुतं. तुमी नुसतं निमित्त." मग जरा वेळाने, "पन निमित्त मोठं झाक दिलंत." मला हसावे की रडावे कळेना, म्हणून दोन्ही थोडे थोडे केले.

मी विचारले, आता काय करायचे? म्हणाली, "मुदत हाय तवर मुंबई. मग यादीत नाव हाय, उभी ऱ्हाईन की. पक्ष न्हाई तर न्हाई. गनीभाई हायेत, बनुबाई हाय." मी म्हणालो, पडशील. म्हणाली, "पडले तर नावानं पडंन."

चावडीवरच्या त्या दिवसानंतर तिने माझे नाव पुन्हा घेतलेले नाही. घेईल म्हणून मी पाच-सहा दिवस वाट पाहिली. आज संध्याकाळी अंगणातून हाक आली ती नेहमीचीच: "अवो."

मी ओसरीवरून मोठ्याने म्हणालो, "काय गं, मालन?"

शेजारच्या दोन घरांत भांडी वाजायची थांबली. ती घाईने दाराशी आली, कान लाल झालेले. म्हणाली, "हळू बोला की. लोक ऐकत्यात."

ऐकू देत, मी म्हणालो, आणि कोपऱ्यातली घागर उचलून विहिरीकडे गेलो. विहीर फार लांब आहे.